वास्तूचे कान

अप्पासाहेब कारखानिसांच्या घरात शेवटचा शब्द अप्पांचाच, आणि बहुतेकदा पहिलाही. शेजारच्या इमारतीत सिलिंडर भडकल्यापासून त्यांच्या सुनेनं, वैजयंतीनं, एकच धोशा लावला होता: आग लागली तर कुणी काय करायचं, याचा एकदा तरी सराव करू या. सासूबाई, नवरा, मुलं सगळे अप्पांच्या तोंडाकडे बघत.

रविवारी जेवताना तिनं पुन्हा विषय काढला, तसे अप्पा गरजले, "सूनबाई, घरात आगीचं नाव काढायचं नाही! वास्तू तथास्तु म्हणत असते!"

"म्हणूनच तर घाई करतेय, अप्पा," वैजयंती आमटी वाढत म्हणाली. "सकाळी तुम्ही म्हणालात, आग लागो त्या पेपरला. मग म्हणालात, आग लागो त्या पंख्याला. आत्ता पानावर बसताना, आग लागो त्या टीव्हीला. वास्तू तरी किती वेळा कानाडोळा करणार?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा ताडकन उठले.

"आग लागो तुझ्या त्या..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली, हळूच छताकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"गॅसचा रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो गं?"