मागता न येणारा श्वानपाल

पूर्वी चंपानगरीत कीर्तिसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने राजाच्या श्वानशाळेतल्या एका सेवकाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. वडिलांच्या मागे श्वानशाळा त्याच्याकडे आली. राजाच्या कुत्र्यांना पहाटे नदीकाठी पळवून आणणे, त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या काढणे, पायातले काटे उपसणे, आजारी पिल्लाला मांडीवर घेऊन पेज पाजणे, यात त्याचे दिवस जात. त्याला कुत्र्यांचा लळा होता आणि कुत्र्यांना त्याचा त्याहून जास्त. हा लळाच त्याला भोवला.

श्वानशाळेत पर्वत नावाचा एक कुत्रा होता. वासराएवढा उंच, छाती नगाऱ्यासारखी. तो भुंकला की पहारेकऱ्याच्या हातातला भाला गळून पडे. परक्या राज्याचे दूत आले की राजा मुद्दाम त्याला दुरून दाखवीत असे आणि दूत आपली बोलणी जरा नरमाईने करीत. हा पर्वत कोंबड्यालाही घाबरतो, हे मात्र श्वानशाळेबाहेर कोणाला ठाऊक नव्हते, कारण तसे कोणी कधी विचारले नव्हते.

एकदा भद्रक बहिणीच्या गावी जाऊन परतला आणि पेजेची घागर खांद्यावर घेऊन श्वानशाळेच्या पायऱ्या चढू लागला. पर्वताने त्याला पाहिले. विरहाने व्याकूळ झालेला तो प्राणी आनंदाने झेपावला. घागर, भद्रक आणि पर्वत असे तिघेही पायऱ्यांवरून खाली आले. पर्वत सर्वांत वर होता, त्यामुळे त्याला काही झाले नाही. घागर फुटली आणि भद्रकाचा गुडघाही. वैद्याने फळ्या बांधल्या, तेल चोळले. हाड जुळले, पण वाकडे जुळले. भद्रक काठी टेकीत चालू लागला. धावणे मात्र कायमचे संपले.

राजाचा कोठारी हिशेबी माणूस होता. तो म्हणाला, "भद्रका, हे कुत्र्यांमागे पळायचं काम आहे. महाराजांनी गोगलगायी पाळल्या असत्या, तर तुलाच ठेवला असता." त्याने दुसरा माणूस नेमला आणि भद्रकाचे राजकोठारातले धान्य बंद झाले.

भद्रकाची बायको उत्पला दुसऱ्यांचे दळण आणून दळू लागली. त्यावर कशीबशी पेज शिजे. तिची मनगटे सुजली, तेव्हा तिने जाते थांबवले आणि म्हणाली, "अहो, गावात तुम्ही कोणाचं कुत्रं बरं केलं नाही? कोणाकडून कधी काही घेतलं नाहीत. आता जा आणि मागा. श्रेष्ठी मृगधर तुम्हाला किती मानतात!"

भद्रक निघाला. दान देण्याचा सराव बोधिसत्त्वाला अनेक जन्मांचा होता. मागण्याचा मात्र फारसा नव्हता.

श्रेष्ठीने त्याला आदराने बसवले आणि विचारले, "पाय कसा आहे?"

"बरा आहे," भद्रकाची जीभ म्हणाली. तिने त्याला विचारलेसुद्धा नाही.

"वा, वा! मला फार काळजी वाटत होती," श्रेष्ठी म्हणाला. मग तो आपल्या कुत्रीविषयी बोलू लागला. ती हल्ली रुसून बसते, काय करावे? भद्रकाने उपाय सांगितला. श्रेष्ठी खूश झाला. बोलता बोलता त्याने सांगितले, की अनाथांसाठी आपण पांघरुणे गोळा करतो आहोत. भद्रक घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर शाल नव्हती.

"काय दिलं त्यांनी?" उत्पलेने विचारले.

"पान दिलं."

"आणि शाल?"

 भद्रक मागायला गेला होता आणि देऊन आला होता. उत्पलेला रडावे की हसावे कळेना. ती आधी रडली, मग हसली, मग पदर खोचून त्याच्यासमोर बसली. "चला, शिकवते. मी श्रेष्ठी. या, भद्रका, पाय कसा आहे?"

"बरा..."

"पुन्हा!"

"अगं, समोरच्यानं एवढ्या मायेनं विचारल्यावर 'बरा नाही' कसं म्हणायचं? त्याला वाईट वाटेल."

"वाटू दे! त्यासाठीच तर जायचं!"

पुष्कळ वेळ हा पाठ चालला. पण ओठांशी आले की शब्द मागे फिरत. कोणाचे तरी घेतले, म्हणजे आपण कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही असे होईल, अशी धास्ती त्याच्या मनात खोल बसली होती. ती त्याने उत्पलेलाही सांगितली नव्हती. ती मात्र तिला माहीत होती.

शेजारी जल्पक नावाचा माणूस राहत असे. लोकांची गाऱ्हाणी राजसभेत रंगवून मांडायची आणि मिळेल त्यातला वाटा घ्यायचा, हा त्याचा धंदा. भिंतीपलीकडून त्याने सारे ऐकले आणि तो आत आला.

"तुला मागावंच लागणार नाही," तो म्हणाला. "राजाच्या जनावरानं कोणावर हल्ला केला, तर त्या माणसाला राजकोठारातून जन्मभर धान्य मिळतं. तसा नियमच आहे. पर्वतानं हल्ला केला असं मी सांगतो. तू नुसता कण्हत उभा राहा."

"हल्ला कुठला? तो मला भेटायला आला होता."

"भेटण्याचं कोठारी काही देत नाही."

"आणि पर्वताचं काय होईल?"

जल्पकाने छताकडे पाहिले. "हल्ला करणाऱ्या जनावराला रानात हाकलतात. पण एवढा धिप्पाड कुत्रा! वाघच त्याला भिऊन राहतील."

भद्रकाला कोंबडा आठवला. तो म्हणाला, "नाही."

 उत्पलेने आपल्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिले आणि पुन्हा जात्याशी जाऊन बसली. जात्याची घरघर भद्रकाला कोणत्याही बोलण्याहून जड गेली. तो जल्पकाला म्हणाला, "मी सभेत येतो. पण बोलेन मीच."

"हो, हो," जल्पक म्हणाला. असे वचन त्याने आजवर पुष्कळांना दिले होते.

सभा भरली. भद्रक काठी सावरून उभा राहीपर्यंत जल्पकाने सुरुवातही केली होती. "महाराज! डोळे निखाऱ्यासारखे! दातांतून फेस गळतोय! अशा त्या श्वापदानं या गरिबाच्या नरड्याचा वेध घेतला!" त्याने स्वतः झेप घेऊन दाखवली. ती इतकी चांगली साधली की पुढच्या रांगेतले अमात्य मागे सरकले. राण्यांनी डोळे झाकले.

राजाचा चेहरा काळवंडला. त्याने पर्वताला हजर करायला सांगितले. चार धट्टेकट्टे सैनिक साखळदंड धरून त्याला घेऊन आले, किंवा खरे सांगायचे तर, तोच त्यांना घेऊन आला. सभागृहाच्या दारात राणीचा मोर पिसारा फुलवून उभा होता. पर्वताने मोर पाहिला. त्याने असा आक्रोश केला की खांब हादरले, आणि चारही सैनिकांना फरपटत तो सिंहासनाखाली शिरला. सगळा काही मावला नाही. डोके आत गेले, बाकीचे बाहेर थरथरत राहिले.

 राजाने पाय वर घेतले.

तेवढ्यात पर्वताला ओळखीचा वास आला. त्याने डोके बाहेर काढले, भद्रकाला पाहिले, आणि साखळ्या झटकून तो झेपावला. राण्या किंचाळल्या. भद्रक आडवा झाला. पर्वताने त्याच्या छातीवर पंजे ठेवले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याला चाटून काढले. मग अंगावरच बसून समाधानाने शेपटी आपटू लागला.

"महाराज," भद्रक खालून म्हणाला, "हल्ला म्हणतात तो हाच."

राजाला हसू आवरेना. राजा हसतो आहे हे पाहून अमात्य हसले, आणि अमात्य हसतात हे पाहून कोठारीही ओठ वाकडे करून हसला. सैनिकांनी पर्वताला बाजूला ओढून भद्रकाला उभे केले. राजाने डोळे पुसले आणि सहज विचारले, "मग भद्रका, पाय कसा आहे?"

"बरा..."

शब्द निम्मा बाहेर आला होता. सभेच्या टोकाला स्त्रियांमध्ये उत्पला उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. भद्रकाने ओठ दाबले. पर्वत उडी मारताना त्याला वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटत होती.

"बरा नाही, महाराज," तो म्हणाला. "होणारही नाही. मला आता कुत्र्यांमागे धावता येणार नाही. घरात दाणे नाहीत. बायको दुसऱ्यांचं दळते आणि तिची मनगटं सुजली आहेत. कुत्र्याचा काही दोष नाही, त्याला शिक्षा करू नका. पण मला मदत हवी आहे."

बोलून झाल्यावर तो वाट पाहत राहिला. कोणी हसले नाही. त्याला वाटले होते तसे काहीच कोसळले नाही.

राजा म्हणाला, "तू खरं सांगितलंस, पण आता हल्ल्याचा नियम तुला लागू होत नाही. आम्ही कोणत्या नियमानं द्यावं?"

"नियम नाही, महाराज. नियम असता तर कोठारातून घेऊन घरी गेलो असतो. नाही, म्हणून तर मागतोय. द्यायचं की नाही, ते आपल्या मनावर आहे."

 राजा म्हणाला, "इथे रोज माणसं येतात. कोणी हक्क सांगतं, कोणी धाक घालतं, कोणी या जल्पकासारखं अंगावर धावून येतं. 'मला हवंय' एवढंच म्हणणारा आजच पाहिला. कोठाराचा नियम आम्ही मोडत नाही. आमच्या स्वतःच्या शेतांतून तुला धान्य मिळेल. हल्ल्याचं मिळतं त्याच्या निम्मं, पण तू आहेस तोवर मिळेल."

कोठारी पुढे वाकून कुजबुजला, "महाराज, उद्या सगळं गाव मागायला येईल."

"येऊ दे," राजा म्हणाला. "त्यातले निम्मे 'बरं आहे' म्हणूनच परत जातील."

धान्याचे पहिले पोते घरी आले, त्यापाठोपाठ जल्पक आला. आपणच सभेत वातावरण तयार केले, असे त्याचे म्हणणे होते. ते ऐकून भद्रकाचा हात नकळत पोत्याच्या तोंडाशी गेला. उत्पला उठली, पोत्यावर जाऊन बसली आणि जल्पकाला म्हणाली, "भावजी, पाय कसे आहेत?"

"बरे आहेत, वहिनी."

"मग चालू लागा."

ही कथा पुढे बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी विहारात एका तरुण भिक्षूला सांगितली. त्याच्या पायात काटा मोडून पाऊल सुजले होते, पण संकोचाने तो कोणाजवळ बोलला नव्हता. सोबत्यांनी विचारले की बरा आहे म्हणे आणि पाठ फिरली की लंगडे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूहो, तेव्हाचा जल्पक म्हणजे आज उपासकांच्या घरी जेवणाआधी लांबलचक प्रवचन करणारा तुमचा सोबती. राजा म्हणजे या विहाराचे वृद्ध स्थविर. उत्पला म्हणजे रोज सकाळी न चुकता पेज घेऊन येणारी ती उपासिका. श्वानपाल मीच होतो." मग ते त्या तरुण भिक्षूकडे वळले. "आणि मला पायऱ्यांवरून पाडणारा पर्वत म्हणजे तू."

भिक्षू हसत सुटले. तो तरुणही हसला.

"दान ही पारमिता, बुद्धत्वाकडे नेणारा गुण आहे, हे तुम्ही जाणता," शास्ते म्हणाले. "सत्यही पारमिता आहे. आपली गरज आहे तेवढीच, आहे तशी, दुसऱ्याला इजा न करता सांगणे, हे सत्याचेच पालन आहे. त्या जन्मी ते मला गुडघा मोडल्यावर साधले."

सर्वांनी वंदन केले आणि ते उठू लागले. तो तरुण मात्र बसून राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने चीवर सारखे केले, घसा खाकरला आणि शेजारच्या भिक्षूला म्हणाला, "भन्ते, थोडं तेल मिळेल का? माझा पाय फार दुखतोय."