सरळ गेली तेवढी

"तेवढं सांगा उस्ताद. नव्या मशीनचा बुश ठेवू की काढू?"

भरतेश मगदूमनं पुन्हा विचारलं. मुजावर उस्ताद खिडकीपाशी स्टुलावर बसून लेथचा आवाज ऐकत होते. दुपार कलली होती. तेलाची बारीक वाफ उन्हात तरंगत होती, आणि सगळा कारखाना पाण्याखाली असल्यासारखा संथ वाटत होता.

"जॉब कसला?"

"हाडात घालायच्या पिना. सुईसारख्या बारीक, वीतभर लांब."

"मग विचारतोस काय? बारीक अन् लांब म्हटलं की बुश. सळई बुशाच्या तोंडातून सरकत येते, अन् टूल तिला तिथंच, तोंडाशी कापतं. म्हणून ती वाकत नाही. हे मी तुला आता शिकवू?"

"मी बिनबुशाच्या काढणार. नुसत्या चकाच्या जबड्यात मागून धरून."

उस्ताद गालातल्या गालात हसले.

"बरं."

भरतेशनं उद्यमनगरात स्वतःचं मशीन घेतलं होतं. इथला हा त्याचा शेवटचा दिवस. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग; गडी गिऱ्हाइकाला पिनांचा शब्दही देऊन बसला होता.

"लोक म्हणतात, मगदूमचं काम सरळ येतं ते मुजावरांनी हात धरलेला असतो म्हणून. मला दाखवायचंय उस्ताद, की..."

आवाज चढला आणि मध्येच तुटला. त्याला राग आला होता. भीतीही वाटत होती.

उस्तादांनी निळी शाई फासलेला पत्रा पुढं ओढला आणि रेघ मारायची सुई त्याच्या हातात दिली.

"डोळे मीट. ओढ."

त्यांनी स्वतःच्या दोन बोटांनी सुई अगदी टोकाजवळ धरली होती. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. मिटल्या डोळ्यांआड भरतेशला वाटलं, पत्राच सरकतोय आणि आपला हात जागच्या जागी आहे. फार बरं वाटलं त्याला.

"आता दुसरी."

या वेळी उस्तादांनी त्याचं कोपर धरलं.

"उघड डोळे."

पहिली रेघ सरळ होती. दुसरी नागमोडी.

भरतेशनं नागमोडी रेघेवरून बोट फिरवलं: टोकाशी धरलेला हात म्हणजे बुश, लांबून कोपराशी धरलेला म्हणजे चक.

"म्हणजे मी जाऊच नको?"

उस्ताद उठले. भंगाराच्या डब्यात हात घालून त्यांनी सळईचं एक थोटूक काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ह्यात काय खोट आहे?"

भरतेशनं ते फिरवून फिरवून पाहिलं.

"काही नाही. चांगला माल आहे."

"मग भंगारात का गेलं?"

"बुशात राहिलं शेवटी. टूल तिथवर पोचत नाही."

"अस्सं... माल चांगला, पण बुशातच राहिला."

लेथ फिरत होतं. उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"मीट परत डोळे. आता मी धरत नाही."

सुई पत्र्यावर टेकली. जेमतेम पेरभर सरळ गेली, मग थरथरली, मग कलली. भरतेशनं आपणहून हात थांबवला आणि डोळे उघडले.

"पुढं वाकडी गेली, उस्ताद."

"दिसली मला."

"पिना... नाही जमायच्या मला अशा. उद्या जाऊन सांगतो त्यांना."

रेघ जिथवर सरळ होती, तिथं उस्तादांनी नखानं खूण केली. मग आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"एवढ्या लांबीचा जॉब घे. अन् बुश काढून टाक."