फिल्टर बसला!

एकदा एका दगडखाणीतला डंपर रडू लागला. पहाटेच्या धुक्यात चालकाने किल्ली फिरवली की आतून लांबलचक विव्हळणे उठे, मग दात खाल्ल्यासारखी करकर, आणि थोड्या वेळाने इंजिन नेहमीसारखे चाले. खाणीच्या तळाशी साचलेल्या काळ्या पाण्यावरून तो आवाज परत येई, तेव्हा खाली दुसरेच कुणी कण्हते आहे असे वाटे. खाण बळी मागते, असे मजुरांनी ठरवून टाकले. लिंबू-मिरच्या झाल्या, कोंबडे झाले. कोंबड्यांचा जीव गेला, आवाज काही गेला नाही.

तिथे एक वृद्ध मिस्त्री होता आणि त्याचा एक शिष्य. रडणे सुरू होण्याआधी डंपरचा ऑइल फिल्टर शिष्यानेच बदलला होता. नवा डबा जुन्याएवढाच, आटे जुळले, हाताने गरकन फिरला. "बसला!" म्हणून त्याने हात पुसले होते.

चालक केरबा रडकुंडीला आला. "मिस्त्री, उतारावर इंजिन बंद पडलं तर स्टेअरिंग दगडावानी हुतंय. खाली पानी हाय. माझी पोरं ल्हान हायत."

मिस्त्री शिष्याला म्हणाला, "फिल्टर बसला म्हणालास ना? मग आता तूही बस."

त्याने चाकांना दगड लावले आणि शिष्याला चालकाच्या जागी चढवले. शिष्याला राग आला, पण किल्ली फिरवताच तो विरला. ते विव्हळणे पायाखालून उठले आणि त्याच्या दाढांपर्यंत पोहोचले. काचेपुढे धुके होते, त्यापलीकडे फक्त पाणी. त्याने इंजिन बंद केले आणि खाली उडी मारली.

मिस्त्रीने तो फिल्टर काढून करवतीने कापला, शेजारी योग्य फिल्टरही कापून ठेवला.

"हा रबराचा पडदा बघ. इंजिन थांबलं की हा तेल धरून ठेवतो. तुझ्या डब्यात पडदाच नाही. रात्रभर तेल उतरून जातं, पहाटे ते परत वर चढेपर्यंत लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. त्याचं हे रडणं. अरे, फिल्टर यंत्राच्या नंबरावरून घ्यावा, तोंडावरून नव्हे. आपला शब्दच फसवा आहे. फिल्टर बसला की आपण हात पुसतो, आणि इंजिन बसलं की कपाळाला लावतो."

शिष्य कागदाच्या घड्यांत अडकलेली धातूची चमचमती भुकटी पाहत राहिला.

योग्य फिल्टर लागला. दुसऱ्या पहाटे इंजिन सुरू झाले, हूं नाही की चूं नाही. मजुरांनी खाणीला हात जोडले. केरबा हसून म्हणाला, "निघू का?"

मिस्त्री पाण्याकडे बघत उभा होता. शिष्याला ती भुकटी आठवली. झिजलेले परत भरून येत नाही. काल यंत्र निदान ओरडून सांगत तरी होते. आजच्या शांततेची त्याला अधिक भीती वाटली.

"केरबादादा, खाली उतरा," तो म्हणाला. "इंजिन उघडून बघितल्याशिवाय हा डंपर उतारावर जाणार नाही."

मिस्त्रीने पाना त्याच्या हाती दिला.