धुक्यातला माणूस

कुणाच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका नदीकाठी एक गाव होतं. त्या गावाची एक विचित्र रीत होती. कुणी हरवलं, की त्याला शेवटचं पाहणाऱ्याला रोज सकाळी वडाखाली बसवायचं आणि गावानं प्रश्न विचारायचे. उत्तर काहीही द्यावं, पण "माहीत नाही" म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर हरवलेल्याची परतीची वाट बुजते, अशी गावाची समजूत होती.

एकदा पाटलांची लहानगी नात हरवली. तिला शेवटचं पाहिलं होतं भिवरा कुंभारणीनं. नदीकाठची माती काढताना तिला धुक्यात मुलीचा लाल परकर दिसला होता. बस्स, एवढंच.

पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "पोरीसंगं कोण हुतं गं?"

"असंल येखादा माणूस," भिवरा चाचरत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, "उंच का बुटका?"

"उंच."

तिसऱ्या दिवशी, "खांद्यावर काय हुतं?"

"वल्हं असावं."

ती खोटं बोलत नव्हती, बरं का! पोर सापडावी म्हणून बिचारी जीव तोडून आठवत होती. आणि आठवता आठवता धुक्यातला तो माणूस रोज थोडा जवळ येऊ लागला.

सातव्या दिवशी त्यानं मान वळवली. भिवरानं त्याला ओळखलं. तो गावचा नावाडी होता. दर भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळायची.

नावाड्याला समोर उभं केलं. तो म्हणाला, "आक्का, माझ्याकडं बघून सांग. मी हुतो?"

"हुतास रे," ती हुंदके देत म्हणाली. "तुझ्या कानातली बाळीसुदीक दिसतीया मला."

गावानं त्याला वल्ह्याशिवाय नावेत बसवलं आणि पुरात सोडून दिलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पाटलांची नात धनगरांच्या कळपाबरोबर हसत परत आली. "कोकरामागं गेले नि वाट चुकले," ती म्हणाली. "माझ्यासंगं कुणीच नव्हतं."

भिवरा ऊर फुटेस्तोवर काठाकाठानं धावली. खालच्या वळणावर तिला नाव सापडली, उपडी.

मुलगी एकटी होती, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तरी डोळे मिटले, की तेच धुकं, तोच परकर आणि शेजारी तोच नावाडी दिसायचा. जन्मभर तो तिथून हलला नाही.

मनाला फार खोदून विचारलं, तर ते नसलेलंही दाखवतं. आणि एकदा दिसलेलं मग खरं कळल्यावरही पुसलं जात नाही.