शेवट माहीत असलेला सिनेमा

अनंतबुवांच्या शिष्यांना नियम एकच होता. सिनेमाला जायचं नाही, आणि का, ते विचारायचं नाही.

"पण का?" शाल्मलीने विचारलं.

सभामंडपात बसलेले देवळाचे विश्वस्त एकमेकांकडे पाहू लागले. बुवा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी उत्सवात तिचं पहिलं कीर्तन होतं. आख्यान रुक्मिणीस्वयंवराचं. कॉलेज सांभाळून चार वर्षं ती त्यासाठी बुवांकडे घासत होती. आणि आज कोणीतरी येऊन सांगितलं होतं, की बुवांची शिष्या थिएटरात पहिल्या रांगेत बसून खदाखदा हसत होती.

"पहिल्या नाही, तिसऱ्या," ती म्हणाली. "आणि दोनदा पाहिला."

आप्पा मोघे विश्वस्तांत सर्वांत वडील. त्यांनी आवाज न चढवता समजावलं. असल्या सिनेमात पहिल्याच प्रसंगात दोघं भांडतात, आणि कोणाचं लग्न कोणाशी होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेवट आधीच माहीत, तर बघायचं काय? तिने फक्त एवढंच म्हणावं, की चुकलं, वेळ वाया गेला. मग उद्या खुशाल उभं राहावं. नाहीतर बाहेरगावच्या बुवांना निरोप धाडावा लागेल.

"वाया गेला नाही," शाल्मली म्हणाली. "उद्या ज्या तोंडाने देवापुढे बोलायचं, त्याने आज खोटं कसं बोलू?"

"चार बुकं शिकलीस, त्याचा माज आहे हा," आप्पा म्हणाले.

"असेल."

...

बुवांनी डोळे उघडले.

"काय होतं त्यात? सांग. बसून नको, उभी राहून सांग."

ती उभी राहिली. पदर खोचला.

मंगल कार्यालयाची मॅनेजर मुलगी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. नवा आचारी, कोणाचं न ऐकणारा. जिलबीच्या पाकावरून दोघांचं भांडण. शाल्मली मुलीचं बोलायची तेव्हा तिची हनुवटी वर जायची, आचाऱ्याचं बोलायची तेव्हा हातात झारा असल्यासारखं वाटायचं. एक विश्वस्त हसले आणि खोकल्यासारखं करून गप्प झाले.

बुवांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं. आचाऱ्याने तिच्याच साखरपुड्याचा स्वयंपाक केला, आणि पहिल्यांदाच पाक बिघडला. तो पाक चाखून मुलीने वाटी तशीच खाली ठेवली. घरी निघून गेली.

मग एसटी स्टँड. मुलगी गाव सोडून निघालेली, खिडकीशी बसलेली. आचारी अंगाला पीठ तसंच घेऊन धावत येतोय. कंडक्टरने घंटी वाजवली. गाडी हलली. मुलीने खिडकीबाहेर पाहिलं, जागेवरून उठली...

शाल्मली थांबली.

बुवांचं बोट गुडघ्याच्या वर अधांतरी राहिलं.

"मग?" आप्पा म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे, आप्पा."

"माहीत आहे गं. पण... उतरते ना ती?"

"नाही सांगणार. आणि चुकलं असंही नाही म्हणणार."

पुढे सरकून बसलेले आप्पा मागे सरकले. बाकीचे सतरंजीकडे पाहत राहिले.

बुवा खांब धरून उठले. तिच्याजवळून जाताना क्षणभर थबकले.

"कृष्ण रथ घेऊन थांबला असला, तरी उद्या रुक्मिणीला अंबिकेच्या देवळातून लवकर बाहेर आणू नकोस."