राणू मास्तरांची पणती

बसा रे जवळ, आणि मधेमधे बोलू नका.

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या वेळूवाडीची शाळा वडाखाली भरायची, तेव्हा राणू मास्तर नावाचे एक मास्तर होते. ते धुक्यातून चालत आले, असं म्हणतात. पोरांनी काहीही विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "करून बघा." पाऊस कसा पडतो? करून बघा. मग पोरं किटलीच्या वाफेवर गार ताटली धरायची आणि वडाखाली पाऊस पाडायची.

एकदा मास्तरांनी पेटती पणती काचेच्या बरणीनं झाकली. पणती विझली. "का हो मास्तर?" "करून बघा." झालं! आठवडाभर गावातल्या सगळ्या बरण्या शाळेत आणि लोणची उघड्यावर. आयाबाया अशा खवळल्या की विचारू नका. पण पोरांना कळलं, लहान बरणीत पणती लवकर जाते, मोठीत उशिरा. ज्योतीलाही हवा लागते.

त्याच उन्हाळ्यात गावातलं पाणी आटलं. उरली एक जुनी विहीर, शिळेनं झाकलेली. तिच्यात पूर्वी दोघं उतरले, ते वर आलेच नाहीत. पाण्यातल्या देवतांनी, आसरांनी, त्यांना ठेवून घेतलं, असं म्हणतात. आता गाळ काढायची पाळी भिवाची होती. शिळा सरकवली, बायकांनी आसरांची ओटी भरली, भिवानं कमरेला दोर बांधला.

तेवढ्यात त्याची सहा वर्षांची, मास्तरांच्याच शाळेतली लेक सुंद्री पणती घेऊन धावत आली. तिनं पणती पोहऱ्यात ठेवून आत सोडली. निम्म्यावर गेली आणि विझली.

"आसरांनी फुंकली!" म्हातारे म्हणाले.

"मग बरणीत कुठं होत्या आसरा?" सुंद्री म्हणाली.

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर म्हणाले, "मला काय विचारता? करून तिनं बघितलंय."

"अगं, पण ओटी भरलीय. आता मागं कसा फिरू?" भिवा म्हणाला. सुंद्रीनं बापाचा पाय गच्च धरला आणि हंबरडा फोडला. "बाबा, खाली हवाच नाही!" भिवाच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं कमरेचा दोर सोडला.

मग पोरांनी कडुलिंबाच्या डहाळ्या दोराला बांधल्या आणि वारा आत जावा म्हणून विहिरीत खालीवर, खालीवर केल्या. आधी पोरं, मग बाया, मग तोंड वाकडं करणारे म्हातारेसुद्धा. दिवस मावळताना विहिरीनं लांब उसासा टाकला. तो तीन गावांत ऐकू गेला, असं म्हणतात. सातवी पणती थेट तळाला टेकली आणि जळत राहिली. सकाळी भिवा उतरला. गाळ निघाला, झरे मोकळे झाले आणि भिवा हसत वर आला. मास्तर मात्र पोरांदेखत ढसाढसा रडले.

आजही आपल्याकडं विहिरीत उतरायचं असेल, तर राणू मास्तरांचं नाव घेऊन पहिलीतलं पोर आधी पणती सोडतं. तोवर सरपंच असो नाहीतर कुणी साहेब, काठावर गुमान उभा राहतो. पोर "जळतेय" म्हणालं, तरच पाय आत. आणि तेव्हापासून, बरं का, आपल्या गावात विहिरीत उतरलेला प्रत्येक माणूस घरी जेवायला आलाय.