आंबट संत्र्याचा केक

फार पूर्वी एका गावात एक धाकटी सून होती. जिभेनं फटकळ, हातानं चपळ. लग्न होऊन आली तेव्हा तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून माहेरून एक संत्र्याचं रोप आणलं आणि परसात लावलं. तांदूळ धुतलेलं पाणी ती रोज त्यालाच घालायची, दुसऱ्या कुणाला थेंब नाही.

झाड वाढलं, फळांनी लगडलं. पण फळं अशी आंबट, की खाणाऱ्याचे डोळे मिटले की लवकर उघडायचे नाहीत. गावातली पोरं चोरायलासुद्धा येत नसत.

एका सकाळी सासरे कुऱ्हाडीला धार लावत बसले.

"मामंजी, कुऱ्हाड कशाला?"

"तुझ्या झाडाला. तिथं गोठा बांधतो. म्हैस निदान दूध तरी देते."

"झाडानं फळं दिलीत की."

"फळं? जिभेची सालटी काढतात ती."

सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिन्हीसांजेपर्यंत थांबा. याच फळांचं असं काही करते, की तुम्हीच म्हणाल, आणखी दे. नाही म्हणालात, तर पहिला घाव मी घालते."

सासरे हसले. "मी म्हणणार, आणखी दे? कर बाई, कर."

शहरातल्या बहिणीकडे सुनेनं केक खाल्ला होता, करताना पाहिलाही होता. तिनं टोपलीभर संत्री तोडली. तेवढ्यात मोठी जाऊ पदराखाली काहीतरी लपवून आली.

"अगं, बाजारातली गोड संत्री आहेत. हीच पिळ. मामंजींना काय कळतंय?"

सुनेचा हात थांबला. झाड म्हणजे तिचा जीव की प्राण. मग ती म्हणाली, "जाऊबाई, माझ्यासाठीच आणलीत, कळतं मला. पण यांचा केक केला तर झाड कुणाचं वाचलं? बाजारवाल्याचं. परीक्षा माझ्या झाडाची आहे, त्यालाच देऊ दे."

"आणि हरलीस तर?"

"तर हरले. खोटं बोलून त्याच्या सावलीत कोण बसणार?"

तिनं सालीचा वरचा केशरी भाग तेवढा किसला. आतलं पांढरं कडू, त्याला किसणी लागू दिली नाही. कणीक, दळलेली साखर आणि लोणी घोटलं. त्यात खायचा सोडा टाकून वरून तो आंबटढाण रस ओतला. पीठ फसफसून वर आलं.

"बघा जाऊबाई. आंबट आहे म्हणून उठलं."

पीठ डब्यात ओतून डबा तापल्या वाळूच्या कढईत ठेवला, वर झाकण, झाकणावर निखारे. घरभर वास सुटला. सासरे चुलीपाशी आले.

"झाकण काढ, बघू दे."

"झाकण काढलं तर केक बसेल. त्यापेक्षा तुम्ही बसा."

तिन्हीसांजेला केक उतरला. टम्म फुगलेला, वरून सोनेरी. सासऱ्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. ताटली रिकामी झाली, तशी त्यांनी ती गुपचूप पुढे सरकवली.

"काय ते तोंडानं सांगा, मामंजी."

"आणखी दे," सासरे पुटपुटले. मग एकदम ताठ झाले. "थांब. ही आपल्या झाडाची नव्हेतच. तू बाजारातली घातलीस."

जावेचं तोंड उतरलं. सुनेनं मात्र पिळलेल्या सालींची परात सासऱ्यांपुढे ठेवली. "चाटून बघा."

सासऱ्यांनी एक साल जिभेला लावली. डोळे घट्ट मिटले, मिशा थरथरल्या. सगळं घर खो खो हसलं.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "आपलीच आहेत."

गोठा विहिरीकडे बांधला. झाडाभोवती सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं ओटा घातला. मग गावातली पोरं संत्री चोरायला येऊ लागली, आणि सून काठी घेऊन त्यांच्यामागे धावताना मनातून फुलायची.

तात्पर्य: आपल्याकडचं आंबट लपवू नये, कामाला लावावं. उसना गोडवा आणला तर दुसऱ्याचं कौतुक होतं, आपलं झाड वाचत नाही.